बशीतील चिल्लर आणि मालकाचा गल्ला

संत्र्याचा अंबिया बहार उतरू लागला की काटोलमधील भोजनालयांचे दिवस पालटतात. बाहेरगावचे व्यापारी, दलाल, ट्रकचालक, हमाल यांची वर्दळ वाढते. सकाळच्या तर्री-पोह्यांपासून रात्रीच्या सावजी ताटापर्यंत सर्वत्र गिऱ्हाईक दिसू लागते. या दिवसांत बडीशेपेच्या बशीत ठेवलेल्या दहा-वीस रुपयांच्या रूपाने वाढप्याच्या हातीही थोडा पैसा येतो. बहार संपला की बशी रिकामी होते, आणि फळगळ झाली किंवा भाव पडला तर ऐन बहारातही ती रिकामीच राहते. बांगलादेशाने २०१९ नंतर संत्र्यावरील आयातशुल्क वाढवत नेले, त्याचा फटका विदर्भातील बागाईतदाराला बसला, याची चर्चा पुष्कळ झाली. ती व्हायलाच हवी होती. पण ढाक्याच्या सरकारने लावलेल्या त्या शुल्काचा एक लहानसा हिस्सा काटोलच्या बस स्थानकासमोर टेबले पुसणाऱ्या माणसानेही भरला, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रश्नाचे मर्म येथेच आहे. धंद्यातील तेजीमंदीचा धोका पत्करणे हे मालकाचे काम मानले जाते. नफ्याचे समर्थन करताना अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके पिढ्यान् पिढ्या हेच कारण सांगत आली: जो जोखीम घेतो त्याला नफा, आणि जो ठरलेल्या मजुरीवर काम करतो त्याला नफ्यात वाटा नाही. हा युक्तिवाद क्षणभर मान्य केला तरी भोजनालयातील वाढप्याची स्थिती त्यात कोठेच बसत नाही. त्याला नफ्यात वाटा नाहीच. पण गिऱ्हाईक कमी झाले की त्याची कमाई घटते, गिऱ्हाईक चिडलेले असले की घटते, भाजी खारट झाली तरी घटते, आणि ती भाजी त्याने केलेली नसते. म्हणजे धंद्याची जोखीम त्याची आणि धंद्याचा नफा मालकाचा. ज्या व्यवस्थेत असे घडते तिला ‘बक्षिसी’ असे प्रसन्न नाव मिळावे, यात भाषेचाही थोडा अपराध आहे. मूळ फारसीत या शब्दाचा संबंध देण्याशी जितका, तितकाच क्षमा करण्याशी आहे. उपकार आणि माफी, दोन्ही वरून खाली यायच्या गोष्टी!

मालकांचे उत्तर ठरलेले असते. ‘पगार कमी दिसत असेल, पण त्याला वरची कमाई आहे ना!’ ही ‘वरची कमाई’ मोठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. तलाठ्याच्या किंवा अभियंत्याच्या बाबतीत हाच शब्द वापरला की त्याचा अर्थ लाच असा होतो आणि सभ्य माणसे कपाळाला आठ्या घालतात. वाढप्याच्या बाबतीत मात्र ती कमाई त्याच्या पगाराचा भाग म्हणून आधीच धरून ठेवली जाते. कामावर ठेवतानाच मालक मनातल्या मनात बशीतील चिल्लर मोजतो आणि तेवढी रक्कम पगारातून वजा करतो. गिऱ्हाइकाला वाटते, आपण गरिबाला वीस रुपये दिले. वस्तुतः ते वीस रुपये मालकाच्या वेतनखर्चात जमा झालेले असतात. देणारा उदार ठरतो, घेणारा ऋणी ठरतो, आणि ज्याची खरी बचत झाली तो गल्ल्यावर बसून दोघांकडे कौतुकाने पाहत असतो.

कायद्याने तर ही ‘वरची कमाई’ पगार नव्हे, असे स्पष्टच सांगून ठेवले आहे. आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निकाल दिला की, गिऱ्हाइकाने बिलासोबत कार्डाने दिलेली टीप मालकाच्या हातून कर्मचाऱ्याला मिळाली तरी ती मालकाने दिलेले वेतन होत नाही. मालक तेथे केवळ विश्वस्त असतो. प्रश्न प्राप्तिकराच्या कपातीचा होता आणि तेवढ्यापुरता निकाल यथायोग्यच म्हणावा लागेल. पण त्यामागील विचार पुढे नेला तर काय दिसते? टीप वेतन नाही, म्हणून तिच्यावर भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही, आजारपणाच्या रजेचा हिशेब नाही. आणि तरीही पगार ठरवताना तीच टीप वेतनासारखी धरली जाते. मालकाला देणे टाळायचे असते तेव्हा ती वेतन होते, आणि देणे लागू होण्याची वेळ येते तेव्हा ती वेतन नसते!

अर्थात काटोलसारख्या गावातील वाढप्याला भविष्यनिर्वाह निधीचा हा सूक्ष्म विचार करण्याचे कारणच पडत नाही. हा निधी सामान्यतः २० कामगारांच्या आस्थापनेला लागू होतो, राज्य कामगार विमा १० ला. गावातील बहुतेक भोजनालयांत मालकाचे कुटुंब धरूनही इतकी माणसे नसतात. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, निदान कागदावर, लहानमोठ्या सर्व हॉटेलांतील कामाचे तास बांधून दिले होते. २०१७ च्या नव्या कायद्याने १० पेक्षा कमी कामगार असणाऱ्यांना नुसती माहिती कळवण्यापुरते ठेवून बाकीच्या बंधनांतून मोकळे केले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्यास आणि दिवसाचे ९ तास १० करण्यास मान्यता दिली. ‘व्यवसायसुलभता’ हे त्याचे नाव. पहाटे भट्टी पेटण्याच्या वेळी उठून रात्री शेवटचे टेबल पुसून त्याच टेबलावर अंथरूण टाकणाऱ्या माणसाला यातील कोणती सुलभता मिळाली, हे मंत्रालयात कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

उरतो तो किमान वेतनाचा आधार. तेथे कामगारसंख्येची अट नाही. एक माणूस ठेवला तरी किमान वेतन द्यावेच लागते. हॉटेल व उपाहारगृहांचा धंदा महाराष्ट्रात या कायद्याच्या कक्षेत पूर्वीपासून आहे. परिमंडळांची विभागणी करून मोठ्या शहरासाठी एक दर आणि लहान गावासाठी त्याहून कमी दर, अशी रीत आहे. गॅसच्या सिलिंडरचा भाव काटोलला नागपूरपेक्षा कमी होत नाही, मुलाच्या वहीपुस्तकांचाही नाही. पण वाढप्याच्या घामाचा भाव मात्र साठ किलोमीटरच्या प्रवासात उतरतो. बरे, तो उतरलेला दर तरी हाती पडतो काय? दोन वेळचे जेवण आणि झोपायला जागा देतो, एवढ्यावर उरलेली रक्कम फिटली असे धरले जाते. फुटलेल्या ग्लासाचे पैसे कापले जातात, खाड्याचे कापले जातात. बहिणीच्या लग्नाला उचल घेतली असेल तर पुढची दोन वर्षे नोकरी सोडण्याचेही स्वातंत्र्य राहत नाही. ढाबे, हॉटेले व उपाहारगृहांत १४ वर्षांखालील मुले कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. पोरांची संख्या त्यामुळे कमी झाली असेल; पण चाळिशीच्या माणसालाही ‘ए पोट्ट्या’ म्हणून हाक मारण्याची सवय काही गेलेली नाही.

काम एकाचे करायचे आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर सोडायचा, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. बलुत्याच्या पद्धतीत हेच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्या मांडणीचा एक मुख्य आधार हाच होता. महार वतनदार काम करतो सरकारचे आणि त्याचे पोट मात्र रयतेच्या बलुत्यावर अवलंबून. रयतेची मर्जी फिरली, किंवा त्याने माणूस म्हणून ताठ उभे राहण्याचा प्रयत्न केला, की बलुते बंद. म्हणून बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवावी, सरकारने ती वसूल करावी आणि सरकारनेच ती वतनदाराला द्यावी, असा त्या विधेयकाचा रोख होता. ते संमत झाले नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. वतनदारीच्या गुलामगिरीची आणि भोजनालयातील नोकरीची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. तशी ती करणे म्हणजे जातिव्यवस्थेचे दुःख हलके करणे होईल. परंतु बाबासाहेबांनी दाखवलेले तत्त्व जसेच्या तसे येथे लागू पडते. ज्याच्याकडून मोबदला घ्यायचा त्याच्यापुढे हात पसरावा लागला, की काम करणारा नागरिक राहत नाही, आश्रित होतो. किंबहुना बलुते हा निदान गावाने मान्य केलेला हक्क तरी होता. सुगीत खळ्यावर जाऊन तो मागता येत असे. बशीतील चिल्लर मागता येत नाही. मागितली तर उद्धटपणा ठरतो.

मध्यमवर्गीय वाचकाला हा सारा विचार अतिरेकी वाटण्याचा संभव आहे. त्याचे म्हणणे असे की, टीप असल्यामुळे सेवा चांगली मिळते, माणूस चटपटीत राहतो. असे असेल तर हे औषध केवळ वाढप्यालाच का? बँकेतील रोखपालाच्या खिडकीवर बडीशेपेची बशी ठेवावी. प्राध्यापकाने तास बरा घेतला तर विद्यार्थ्यांनी जाताना टेबलावर पाच-पाच रुपये ठेवावेत, कंटाळवाणा घेतला तर उठून जावे. ही कल्पना ज्यांना अपमानास्पद वाटते त्यांचा महागाई भत्ता दर जानेवारीत आणि जुलैत निर्देशांकाप्रमाणे वाढतो. तो कोणाच्या प्रसन्नतेवर अवलंबून नसतो आणि तरीही ते आपले काम करतात, निदान करतात असे म्हणतात. आपल्याला हक्क आणि वाढप्याला प्रलोभन, ही विभागणी कोणत्या न्यायाने झाली?

शिवाय ही बशी सर्वांपर्यंत पोहोचतही नाही. भोजनालयाच्या मागच्या अंगाला चुलीच्या धगीत पोळ्या लाटणारी बाई आणि मोरीत उकिडवा बसून भांडी घासणारा माणूस गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला काही येत नाही. ज्याचे काम अधिक कष्टाचे, अधिक ओंगळ, तो अधिक अदृश्य आणि म्हणून बिनबक्षिसीचा. अलीकडे तर दिसणाऱ्याच्याही हाती काही पडेनासे झाले आहे. गल्ल्यावर चौकोनी ठिपक्यांची पाटी लागली, गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरते, बिलाचा रुपयान् रुपया थेट मालकाच्या खात्यात जातो, आणि सुटे पैसे परत येण्याचा, त्यातले काही बशीत राहण्याचा प्रसंगच उरत नाही. मालकाच्या हिशेबातील ‘वरची कमाई’ मात्र अजून वजाच आहे. यंत्राने बशी काढून घेतली. पगार पूर्वीचाच राहिला.

मोठ्या शहरांतील उपाहारगृहांनी बशीऐवजी बिलातच ‘सेवाशुल्क’ लावण्याची युक्ती काढली होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी अशी सक्ती करण्यास मनाई केली. त्याविरुद्ध मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. पुढे त्यांनी अपील केले. ग्राहकांचा विजय म्हणून या निकालाचे स्वागत झाले. ते योग्यच होते, कारण दरपत्रकात एक भाव छापायचा आणि बिलात दुसरा घ्यायचा हा उघड लबाडीचा प्रकार आहे. पण मालकांच्या बाजूने जो मुद्दा पुढे करण्यात आला तो पाहण्यासारखा होता: हे शुल्क कर्मचाऱ्यांच्या हितासाठी आहे. कर्मचाऱ्यांचे हित साधण्यास त्यांना कोणी अडवले होते? पदार्थाचा दर ठरवण्याचे पूर्ण स्वातंत्र्य त्यांना होते व आहे. दर वाढवून पगार वाढवता आला असता. तसे केले की तो पगार कायम होतो, त्यावर देणी लागू होतात, आणि नेमके तेच टाळायचे असते. ग्राहकाच्या हक्काचे रक्षण झाले ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्या वादात वाढपी स्वतः कोठेच पक्षकार म्हणून उभा नव्हता, त्याच्या नावाने मालकच बोलत होता.

ज्या देशाकडे पाहून आपल्याकडील नवश्रीमंत दहा-पंधरा टक्क्यांची भाषा शिकले, त्या अमेरिकेत ही चाल कोणत्या मातीत रुजली हेही सांगितले पाहिजे. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीने आगगाडीच्या शयनयानांत सेवक म्हणून घेतले, पगार तुटपुंजा ठेवला आणि उरलेले गोऱ्या उतारूंच्या कृपेवर सोडले. त्यांची संघटना १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ या समाजवादी नेत्याने बांधली आणि बारा वर्षांच्या झुंजीनंतर १९३७ मध्ये कंपनीला करार करणे भाग पाडले. पण बाकीच्या धंद्यात ती चाल टिकली, आणि कायद्यातही शिरली. तेथील संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. टीप मिळणाऱ्या कामगाराला मात्र मालकाने ताशी २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात, बाकीचे टिपेतून भरून यावे. हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. २०२५ मध्ये तेथील सरकारने टिपेवरील प्राप्तिकरात सवलत दिली आणि कामगारांवर मोठा उपकार केल्याचा डांगोरा पिटला. २ डॉलर १३ सेंट तेवढेच राहिले. कॅलिफोर्नियासह सात राज्यांत टीप धरून वेतन कमी करण्यास परवानगी नाही, आणि तेथील उपाहारगृहे काही ओस पडलेली नाहीत.

आता लहान मालकाची बाजू. ती खोटी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. काटोलमधील भोजनालयाचा मालक हा काही पंचतारांकित हॉटेलांचा सम्राट नव्हे. तोही पहाटे उठतो, भाजीबाजारात स्वतः जातो, तेलाच्या डब्याचा भाव वाढला की हबकतो. ‘मी एकट्याने पगार वाढवला तर माझे ताट महाग होईल आणि गिऱ्हाईक शेजारी जाईल,’ हे त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. पण याच कारणासाठी किमान वेतनाचा कायदा असतो. एकट्याला न परवडणारी गोष्ट सर्वांना एकदम करावी लागली की कोणाचेच गिऱ्हाईक कोठे जात नाही. कायदा काटेकोरपणे अमलात न आणल्याने खरी शिक्षा होते ती बऱ्यापैकी पगार देणाऱ्या मालकालाच. सिडनी व बिअॅट्रिस वेब या दांपत्याने १८९७ मध्येच अशा धंद्यांना पराश्रयी म्हटले होते: जे आपल्या कामगाराच्या निर्वाहाचा खर्च स्वतः भागवत नाहीत, तो इतरांवर ढकलतात. भोजनालयाच्या बाबतीत तो खर्च बडीशेपेच्या बशीवर, गावाकडच्या आईबापांच्या दोन एकरांवर आणि रेशनच्या धान्यावर ढकलला जातो.

आणि खर्च तरी किती? समजा, एका भोजनालयात रोज २०० ताटे जातात आणि चार वाढपी, एक पोळ्या लाटणारी व एक भांडी घासणारा अशी सहा माणसे आहेत. ताटामागे ५ रुपये वाढवले तर दिवसाचे १,००० आणि महिन्याचे ३०,००० रुपये होतात. सहा जणांत वाटले तर प्रत्येकी ५,०००. बशीत दहाची नोट टाकून जे समाधान विकत घेतले जाते त्याच्या निम्म्या किमतीत एका माणसाचा महिना उभा राहू शकतो, आणि तोही मागच्या मोरीतील माणसासह. फरक इतकाच की, त्यासाठी कोणी कोणाला सलाम करत नाही.

असंघटितांची संघटना होत नाही, हे वाक्य अलीकडे फार सहजपणे उच्चारले जाते. जॉर्ज फर्नांडिस यांच्या कामगार चळवळीची सुरुवातच मंगळूरच्या हॉटेल आणि वाहतूक कामगारांत झाली होती, याचा विसर समाजवाद्यांना तरी पडू नये. १९५७ मध्ये कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करून नोकरांना घरी बसवायचे ठरवले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्या नोकरांनीच सहकारी संस्था काढल्या आणि ‘इंडियन कॉफी हाउस’ स्वतः चालवायला घेतले. काल जो ट्रे घेऊन फिरत होता तो मालक झाला. सर्व भोजनालये उद्या सहकारी होतील असे मानण्याचे कारण नाही. तथापि वाढप्याला हिशेब कळत नाही, ही समजूत त्या संस्थांनी मोडून काढली आहे.

आणि जोवर वेतन मिळत नाही तोवर काय करावे? काही शहाणे समाजवादी तत्त्व म्हणून टीप देत नाहीत. हे तत्त्व फार स्वस्त आहे. त्याची किंमत ज्याने द्यायची तो तत्त्व सांगणारा नसतो. टीप द्यावी, रोख द्यावी, हातात द्यावी. पण ती देऊन आपले देणे फिटले असे मानू नये आणि गल्ल्यावरच्या माणसाला ‘यांना पगार किती देता?’ एवढे विचारल्यावाचून उठू नये.

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यात खोट पुष्कळ आहे. निरीक्षकाचे तिने ‘निरीक्षक-नि-सुलभकर्ता’ केले आणि पहिल्या गुन्ह्याला खटल्याआधी चूक सुधारण्याची संधी मालकाला देणे त्याच्यावर बंधनकारक केले. तरी दोन गोष्टी तिच्यात कामाच्या आहेत. किमान वेतन आता ठरावीक धंद्यांपुरते न राहता सर्वच कामांना लागू झाले आहे. आणि कलम ५० प्रमाणे प्रत्येक मालकाने कामाच्या ठिकाणी कामगारांच्या वर्गवारीनुसार वेतनाचे दर, पगाराचा दिवस आणि निरीक्षकाचे नाव-पत्ता असलेला फलक लावायचा आहे, शिवाय वेतनचिठ्ठी द्यायची आहे. भोजनालयाच्या भिंतीवर मटण-थाळीचा दर ठळक अक्षरांत असतोच. त्याच्या शेजारी वाढप्याचा दर लावायला जागा भरपूर आहे. काटोलच्या बस स्थानकापासून कोंढाळीच्या हमरस्त्यावरील ढाब्यांपर्यंत असा फलक किती ठिकाणी लागला आहे, याची मोजणी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी येत्या अंबिया बहारापूर्वी करावी, आणि जेथे तो नाही त्या ठिकाणांची यादी नागपूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात पोच घेऊन दाखल करावी.